गरोदर मुली आणि तरुण मातांसाठी आधारगृह: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मठाच्या, विहाराच्या नाहीतर मिशनच्या आवारात दोन-तीन खोल्या रिकाम्या असतात. चार भाविक बाया पुढे येतात आणि ‘अडल्यानडल्या पोरींना आपण आसरा देऊ’ असं ठरतं. हेतू चांगलाच असतो. मग एका संध्याकाळी पहिली पोरगी दारात येते. तिला आत घेतल्यावर सगळ्यांच्या लक्षात येतं की परवाना नाही, डॉक्टर ठरलेला नाही, पोलिसांना कळवायचं की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. तिच्या नावाची चर्चा मात्र तोवर गावभर झालेली असते.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत हाच उलटा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून हा लेख. यातले टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले चार पूर्ण होईपर्यंत एकाही मुलीला राहायला घेऊ नका. तोवर कुणी आलीच तर तिला १८१ या महिला हेल्पलाइनशी आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून द्या. ती मदतच आहे, तिला हाकलून देणं नव्हे.

## टप्पा १: एका कागदावर लिहा, काय करणार आणि काय नाही

विश्वस्तांची बैठक घ्या आणि ठराव लिहून सह्या करा. तोंडी ठरलेलं टिकत नाही, कारण पहिली अडचण आली की प्रत्येकाला वेगळं आठवतं.

कोणाला घ्यायचं ते आधी ठरवा. नव्या संस्थेने १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलींपासूनच सुरुवात करावी, तीही चार-पाच जणींपासून. अठराच्या आतल्या मुलींचा रस्ता कायद्याने वेगळा आहे. तो टप्पा ५ मध्ये येतो.

मग श्रद्धेची जागा ठरवा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. तुमच्या देवावरच्या, बुद्धावरच्या, येशूवरच्या श्रद्धेमुळे हे दार उघडलं, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण राहण्याची, जेवणाची, औषधाची कोणतीही गोष्ट प्रार्थनेवर अवलंबून ठेवायची नाही. ठरावात स्पष्ट लिहा: सायंप्रार्थनेला बसणं ऐच्छिक आहे. माळ, दीक्षा, बाप्तिस्मा, नामस्मरणाचा नेम, उपवास यांतलं काही सांगितलं जाणार नाही. बाळाचं नाव आई ठेवेल. जात आणि धर्म विचारून प्रवेश दिला जाणार नाही. गरोदर मुलीला एकादशी किंवा चतुर्थीच्या नावाने उपाशी ठेवलं जाणार नाही, तिला स्वतःला धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारलं जाईल.

विटाळ आणि सोयर यांबद्दलही लिहाच. पाळी आली किंवा बाळंतपण झालं म्हणून तिला स्वयंपाकघरातून, नळावरून किंवा प्रार्थनेच्या खोलीतून बाजूला करायचं नाही. गावच्या मोठ्या मंदिरात काय चालतं तो वाद इथे आणू नका. तुमच्या घरात ती कुठेही बसेल.

तिसरा प्रश्न गर्भपाताचा. तुमच्या पंथाला तो मान्य नसेल तर संस्था त्याची सोय करणार नाही, असं लिहिता येतं. पण तिला कायदा सांगणं आणि सरकारी डॉक्टरकडे नेणं टाळता येत नाही. गप्प राहून आठवडे जाऊ देणं ही फसवणूक आहे आणि ती देवाच्या नावाने केली तर जास्तच वाईट.

तपासा: हा कागद एखाद्या बाहेरच्या बाईला वाचायला द्या. वाचून तिला वाटलं की ‘इथे राहायचं तर यांच्यातलं व्हावं लागेल’, तर तो पुन्हा लिहा.

## टप्पा २: परवाना, नोंदणी आणि ओळखी

बहुतेक देवस्थान ट्रस्ट १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असतात. तुमच्या ट्रस्टच्या उद्देशांत महिलांचं निवासी घर चालवणं बसतं का ते पाहा. बसत नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातून आधी उद्देशांत दुरुस्ती करून घ्या. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तो राहून गेला असेल तर आत्ताच द्या.

त्यानंतर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय. महिलांना ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी १९५६ चा महिला व बालक संस्था (परवाना) कायदा आहे. अर्ज द्या, पोच घ्या. ‘आमचं घर छोटं आहे, परवाना लागत नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, लेखी उत्तर मागा. सरकारच्या मिशन शक्तीखाली शक्ती सदन, म्हणजे अडचणीतल्या महिलांची निवासी घरं, चालतात. तुमच्या जिल्ह्यातलं शक्ती सदन कुठे आहे, तिथे जागा किती आहे, हे याच फेरीत विचारून घ्या. तुमच्या आवाक्याबाहेरची केस तिथेच पाठवावी लागेल.

आणखी चार ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन भेटा: बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तालुक्याचं पोलीस ठाणं आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. मुलगी आणायच्या आधी ही ओळख झाली असेल तर रात्री अकराला फोन उचलला जातो.

सावधान: १८ वर्षांखालच्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. ती नसेल तर एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आईसोबत असलेलं तिचं तान्हं वेगळं. पण आई बाळाला ठेवून निघून गेली तर ते बाळ तुमच्याकडे ठेवून घेता येत नाही. २४ तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं.

## टप्पा ३: घर

घर गावकुसाबाहेर नको आणि मंदिराच्या दर्शनी बाजूला तर मुळीच नको. आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला पडवीत बसलेल्या पोरी दिसता कामा नयेत. वेगळं दार आणि मागचं अंगण असलेली जागा घ्या.

रस्ता पावसाळ्यात बघा. मे महिन्यात जो नाला कोरडा असतो तो ऑगस्टमध्ये दोन दिवस ओलांडता येत नाही. भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदरा या भागांत तर बाळंतपणाची तारीख जवळ आली की मुलीला नाल्याच्या अलीकडे, दवाखान्याजवळ हलवावंच लागतं. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत याचसाठी माहेरघराची सोय आहे. तुमच्या जवळच्या केंद्रात ती चालू आहे का, विचारा.

पाणी तपासून घ्या. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं असतं. भूजल प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अहवाल हातात आल्याशिवाय त्या पाण्यावर स्वयंपाक सुरू करू नका.

उन्हाळा हा इथला मोठा शत्रू. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत गरोदर बाई किंवा चार दिवसांचं लेकरू ठेवता येत नाही. स्लॅबची नाहीतर कवेलूची खोली, कूलर, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर. पैसे कमी असतील तर रंगरंगोटी सोडा आणि इन्व्हर्टर घ्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ट्रस्टची शेती असते आणि फवारणीची औषधं, तणनाशकं त्याच आवारातल्या कोठीत ठेवलेली असतात. ती तिथून पूर्ण हलवा. कुलूप लावून भागत नाही. या घरात येणारी मुलगी खचलेली असते, आणि खचलेल्या माणसाच्या हाताशी विष असू नये. उंदराचं औषध आणि फिनाइलही याच नियमात धरा.

## टप्पा ४: माणसं

रात्री घरात किमान दोन बाया हव्यात. त्यातली एक जागी राहू शकेल अशी, आणि दोघींनाही १०८ वर कॉल करून पत्ता नीट सांगता यायला हवा. स्वयंपाकाची मावशी, दिवसाची काळजीवाहिका आणि अधीक्षिका एवढ्यावर पाच मुलींचं घर चालतं. आठवड्यातून एकदा येणारी समुपदेशक मिळवाच. ती पंथाची नसली तर उलट बरं.

पुरुषांबाबतचे नियम भिंतीवर लावा. विश्वस्त असो, महाराज असो, फादर असो की भंते, कोणीही पुरुष निवासी खोल्यांकडे जाणार नाही आणि कोणत्याही मुलीला एकटीला भेटणार नाही. उपदेश द्यायचा असेल तर सभागृहात, सगळ्यांसमोर. निवासाची किल्ली पुरुषाकडे राहणार नाही. हे सांगताना कार्यकर्ते अवघडतात, ‘महाराजांवर संशय कसा घ्यायचा’ म्हणतात. हा संशयाचा प्रश्न नाही. बंद दाराआड काय झालं हे मुलीला सिद्ध करता येत नाही, म्हणून दार बंद होऊच द्यायचं नाही.

देणगीदारांचे फोटो, वाढदिवसाची जेवणं, महिला मंडळांच्या भेटी यांना निवासात जागा नाही. मुलींचा एकही फोटो, पाठमोरासुद्धा, पत्रकात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही. खेड्यात पोरगी साडीच्या काठावरूनही ओळखली जाते.

तपासा: बाहेरच्या भिंतीवर तक्रारपेटी आहे का? तिची किल्ली ट्रस्टबाहेरच्या एका बाईकडे, म्हणजे एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडे किंवा वकील बाईकडे आहे का?

## टप्पा ५: मुलगी दारात आल्यावरचे पहिले २४ तास

ती एकटी क्वचितच येते. सोबत आई असते, मावशी असते, कधी गावातली आशाताई. ‘गावात सांगितलं आहे, पोटात गोळा झाला म्हणून,’ आई कुजबुजते. मुलगी ओढणी पोटावर धरून उभी असते, चपला पायातच. बहुतेक कार्यकर्त्या इथेच चुकतात: आईशी बोलतात, आईला विचारतात, आईकडून सही घेतात. मुलगी ऐकत राहते.

क्रम असा ठेवा.

१. पाणी, जेवण, संडास. प्रश्न नंतर.

२. धोक्याची लक्षणं. रक्त जातंय का, पोटात जोराची कळ आहे का, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते का, ताप किंवा झटके आहेत का, पाणी गेलंय का, बाळाची हालचाल कमी झाली आहे का? यातलं एकही असेल तर आधी १०८. नोंद, कागद सगळं दवाखान्यातून परतल्यावर.

३. मुलीशी एकटीशी बोलणं. आईला चहा द्या आणि दुसऱ्या खोलीत बसवा. मुलीला एवढंच विचारा: तुला इथे राहायचं आहे का? तुला कुणाची भीती वाटते का? कसं झालं, कुणाचं आहे, हे आज विचारायचं नाही. वऱ्हाडीत बोलणारी असेल तर वऱ्हाडीतच बोला. ‘काहून रडतं वं, घाबरू नको’ एवढ्यानेही तिचा खांदा सैल होतो. गोंडी किंवा कोलामी बोलणारी असेल तर त्या भाषेतली बाई बोलवा. गावातला पुरुष दुभाषा म्हणून नको.

४. वय. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र सगळ्यात पक्का पुरावा. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला. आधार कार्डावरच्या तारखेवर विसंबू नका, अनेकदा ती अंदाजे टाकलेली असते. वयाचा संशय असेल तर ती अठराच्या आतली आहे असं धरूनच पुढे जा.

इथून रस्ते दोन.

वय १८ च्या आत: पॉक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘तिची संमती होती’, ‘मुलगा नात्यातला आहे’, ‘लग्न झालंय’ यांतलं काहीही इथे लागू पडत नाही. १८ च्या आतली पत्नी असली तरी तो गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. ताबडतोब १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) लावा आणि २४ तासांच्या आत तिला बालकल्याण समितीपुढे हजर करा. पुढे ती कुठे राहील हे समिती ठरवते, तुम्ही नाही.

तिच्या बाजूचे हक्कही तिला सांगा. जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत. तिला ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेतून मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. आणि ‘पटकन लग्न लावून टाकू’ म्हणणाऱ्या घरच्यांना तिथेच थांबवा, बालविवाह हा दुसरा गुन्हा होईल.

वय १८ पूर्ण: तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. लग्नाचं आमिष दाखवून फसवणूक झाली असेल तर भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे, हे तिला सांगा. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, विधी सेवेची हेल्पलाइन १५१००. एवढं सांगून थांबा. तक्रारीसाठी रेटू नका, आणि ‘इभ्रत जाईल’ म्हणून अडवूही नका.

५. नोंद. प्रवेशाच्या फॉर्मवर सही तिची. फाइलच्या पाठीवर नाव लिहू नका, क्रमांक लिहा. नाव आणि क्रमांकाची यादी अधीक्षिकेच्या कुलपात. कोणत्या माणसाला ती इथे आहे हे सांगायचं आणि कोणाला नाही, ही यादी तिच्याच तोंडून लिहून घ्या आणि फोनजवळ ठेवा.

सावधान: तिचा मोबाईल आणि आधार कार्ड ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून काढून घेऊ नका. ती स्वतःच्या मर्जीने राहते आहे, उद्या तिला जायचं असेल तर ती जाईल.

## टप्पा ६: पहिला आठवडा

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. आधी सोनोग्राफीने किती आठवडे झाले ते नक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मुली बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यात येतात, तोवर लपवलेलं असतं.

गर्भपाताचा कायदा तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने. अविवाहित मुलीलाही २४ आठवड्यांपर्यंतचा हा हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२२ चा निकाल आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. आईची, नवऱ्याची किंवा संस्थेची सही लागत नाही. १९ व्या आठवड्यात आलेल्या मुलीला ‘सोमवारी बघू’ म्हणणं म्हणजे तिच्या हातातला एक रस्ता बंद करणं.

ती बाळंतपणाकडे जाणार असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि अंगणवाडीत नाव नोंदवा. तपासण्यांत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब आणि लघवी येते. इथे सिकलसेलची तपासणी स्वतः आठवण करून मागा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात तो आजार बराच आहे, आणि सिकलसेल असलेल्या मुलीचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावं लागतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे तातडीने रुग्णालय.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

## टप्पा ७: मधले महिने

लाल गोळी म्हणजे लोह आणि फॉलिक ॲसिड, रोज एक. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. चूक एकच आणि सगळीकडची: गोळी चहासोबत घेतली जाते. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्यासोबत. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. गोळी हातात देऊन निघून जाऊ नका, पिंपाजवळ उभं राहून घ्यायला सांगा. मळमळते म्हणून गादीखाली ठेवलेल्या गोळ्या पुढे सापडतात.

जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, जवसाची चटणी. चालत असेल तर अंडी. संस्था शाकाहारी असेल तर दूध आणि डाळ वाढवा. आणि ती बाहेर अंडं खाऊन आली तर बोलू नका.

काम ठरवताना शेतावरची निंदणी, वेचणी, पाणी भरणं, मंदिराची झाडलोट हे नको. हातखर्चासाठी शिवणकाम किंवा पापड-शेवयांचं काम असेल तर त्याचे पैसे तिच्या बँक खात्यात जातील, ट्रस्टच्या दानपेटीत नाही. शिक्षण अर्धवट सुटलं असेल तर परीक्षेचा फॉर्म याच महिन्यांत भरा.

संध्याकाळी घंटा वाजते, सभागृहात पेटी लागते. कुणी आत जाते, कुणी ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत बसते. आत न गेलेलीला ‘आज आली नाही का गं’ असं हसत विचारणंसुद्धा टाळा. अशा हसत विचारलेल्या प्रश्नातूनच सक्ती सुरू होते. ज्यांना प्रार्थनेतून बळ मिळतं त्या आपोआप येतात.

झोप नाही, जेवण तुटलं, ‘मी नसलेलीच बरी’ असं बोलली, तर ते मनावर घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीतून बोलता येतं. अंगारा, उतारा, ‘पापाची कबुली’ असलं काही लादू नका. तिने कोणतंही पाप केलेलं नाही.

## टप्पा ८: बाळंतपण

बाळंतपण रुग्णालयातच. ‘आमच्याकडे हात चांगला असलेली दाई आहे’ हे कारण होऊ शकत नाही. सातव्या महिन्यातच रुग्णालय ठरवा: साधी केस ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, बीपी, सिकलसेल, रक्तक्षय, जुळं, आडवं बाळ असेल तर नागपूरचं डागा, अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा किंवा जवळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि ये-जा मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

पिशवी आठव्या महिन्यातच भरून दाराजवळ टांगा: कार्ड, रिपोर्ट, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन गाऊन, जुन्या मऊ सुती साड्यांचे तुकडे धुऊन उन्हात वाळवलेले, टोपरं, मोबाईलचा चार्जर. पर्यायी खाजगी गाडीवाल्याचा नंबर दोन जणींच्या फोनमध्ये हवा.

तपासा: सोबत कोण जाणार ते मुलीने निवडलं आहे का? फॉर्मवर ‘नवऱ्याचं नाव’ विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे तिच्याशी आधी बोलून झालंय का? वॉर्डात सगळ्यांसमोर तो प्रश्न पहिल्यांदा यायला नको.

## टप्पा ९: पहिले ४२ दिवस

बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यायचं. पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, फेकायचं नाही. मध, साखरपाणी, गुटी काही नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. नाळेला राख, हळद, तेल लावायचं नाही. बंद खोलीत शेगडीचा धूर करायचा नाही. बाळंतिणीचं पाणी तोडायचं नाही, उलट उन्हाळ्यात तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचा. या गोष्टींवर मोठ्या बाया वाद घालतात. त्यांना पाचवीची पूजा, डिंकाचे लाडू, मालीश यांतलं जे निर्धोक आहे ते मनापासून करू द्या, म्हणजे बाकीचं सोडायला त्या तयार होतात.

बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि २४ तासांच्या आत कावीळ ब ची लस रुग्णालयातच. घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या आल्या नाहीत तर फोन करा. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, श्वास जोरात चाललाय, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात, तर लगेच नवजात शिशु कक्ष. आईला जास्त रक्त जाणं, ताप, घाण वास, पिंडरीत दुखून सूज, यालाही थांबायचं नाही.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत अंतरा इंजेक्शन, तांबी वगैरे गर्भनिरोधकांची माहिती तिला डॉक्टरांकडून मिळू द्या, धर्माच्या घरात हा विषय गिळला जातो.

## टप्पा १०: बाळाचा निर्णय

सगळ्यात गंभीर चुका इथे होतात आणि त्या चांगल्या माणसांकडून होतात.

ट्रस्टच्या ओळखीतलं एखादं मूलबाळ नसलेलं, भाविक, सुखवस्तू जोडपं असतं. विश्वस्त म्हणतात, ‘बाळाचंही भलं, त्यांचंही, पोरीचंही.’ स्टँपपेपरवर नोटरी होते आणि बाळ जातं. हे बेकायदा आहे. ठरलेली प्रक्रिया सोडून दत्तक दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. त्यात देणगीच्या रूपाने जरी पैसा आला तरी तो बालकविक्रीचा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शिवाय ते जोडपं कायद्याने त्या बाळाचे आईबाप होतच नाही.

कायदेशीर रस्ता असा: बाळ स्वतःजवळ ठेवायचं नाही असं आईला वाटलं तर ती बालकल्याण समितीपुढे जाते. समिती समुपदेशन करते, मग समर्पणपत्रावर सही होते. त्यानंतर फेरविचारासाठी ६० दिवस असतात. या दिवसांत ती बाळ परत मागू शकते. मुदत संपल्यावरच बाळ दत्तकासाठी मोकळं होतं आणि पुढचं काम विशेष दत्तक संस्था व कारा (दत्तकाचं केंद्रीय प्राधिकरण) यांच्यामार्फत होतं. आईचं नाव गुप्त राहतं.

तुमचं काम तिला दोन्ही रस्ते नीट सांगणं, एवढंच. बाळंतपणाच्या आधी तिच्याकडून काहीही लिहून घेऊ नका. कळा ओसरल्या नाहीत तोच सही, असंही नको. ‘आई होऊन लेकरू टाकतेस?’ म्हणू नका आणि ‘तुझं पुढं लग्न कसं होईल?’ म्हणूनही ढकलू नका. ती ठेवणार असेल तर कोणत्या पैशावर, कोणाच्या घरी, कोण सांभाळेल, हे वहीत तिच्यासोबत मांडा. देणार असेल तर समर्पणाच्या दिवशी तिच्यासोबत जा, आणि पुढचे ६० दिवस तिला एकटी सोडू नका. दूध येत राहतं, छाती दुखते, त्यासाठीही डॉक्टर लागतो.

## टप्पा ११: दाखले आणि योजना

जन्माची नोंद २१ दिवसांत, बाळ जिथे जन्मलं तिथल्या निबंधकाकडे. वडिलांचं नाव सांगायचं नसेल तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच हे सांगितलं आहे. कारकून अडला तर निकालाची प्रत आणि विधी सेवेचे वकील सोबत न्या, वाद घालत बसू नका. खोटं वडिलांचं नाव टाकून वेळ मारून नेऊ नका, ते शाळेपर्यंत छळतं.

जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातेला ७०० रुपये. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि नव्या नियमांत नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही. एकल पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. बाळाच्या बापाकडून पोटगी हवी असेल तर लग्न झालेलं नसलं तरी बाळाचा तो हक्क आहे.

तपासा: बँक खातं फक्त तिच्या नावावर आहे का? बापासोबतचं किंवा भावासोबतचं संयुक्त खातं चालणार नाही.

## टप्पा १२: बाहेर पडणं

जायची तारीख ती आल्यापासून महिनाभरातच बोलायला घ्या, नाहीतर घर तिच्यासाठी बंदिस्त होतं. घरी परत जाणार असेल तर आधी अधीक्षिकेने एकदा घरच्यांना भेटून यावं. घर सुरक्षित आहे का, ज्याने त्रास दिला तो त्याच आवारात राहतो का, हे डोळ्यांनी बघावं. माहेरी जागा नसेल तर नोकरदार महिलांचं वसतिगृह, शक्ती सदन, किंवा दोघी-तिघींनी मिळून तालुक्याच्या गावी घेतलेली भाड्याची खोली.

जाताना मूळ कागद तिच्या हातात: लसीकरण कार्ड, जन्मदाखला, रिपोर्ट, पासबुक. तुमच्याकडे फक्त झेरॉक्स. पुढचा फोन तिने करायचा की तुम्ही, आणि तुम्ही केला तर कोणत्या नावाने, हे ठरवून घ्या. ‘शिलाई क्लासमधून बोलतेय’ असं सांगायचं ठरलं असेल तर तसंच सांगा, आणि उचलणारा आवाज पुरुषाचा असेल तर क्लासची वेळ विचारून फोन ठेवा. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक फोन, मग महिन्याला. बाळाच्या नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीपर्यंत हे चालू ठेवा.